ओहम मास्तर आणि मामांची पिकप

ओहमचा नियम कुणाला येत नाही? दहावीत पाठ केला, बारावीत पुन्हा केला, फर्स्ट इयरच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला रिओस्टॅट सरकवून सरळ रेषेचा ग्राफ काढला, आणि तो सरळ आला नाही तेव्हा शेजारच्या बॅचच्या रीडिंगवरून सरळ केला. (खोटं कशाला बोला!) व्हायव्हाला एक्स्टर्नल सर विचारतात तेव्हा आपण झोपेतसुद्धा सांगतो, व्ही इज इक्वल टू आय आर. आमच्या विंगमध्ये तर परीक्षेच्या रात्री ओहम स्वाहा म्हणून चहाचा कप रिकामा करतात.

मलाही वाटत होतं की हा नियम आपल्याला येतो. एप्रिलमध्ये माझ्या मामांच्या पिकपने हा समज उतरवला. त्या निमित्ताने मी ओहम नावाच्या माणसाच्या मागे लागलो आणि लक्षात आलं की ज्याचं नाव आपण दिवसातून दहा वेळा घेतो त्याच्याबद्दल आपल्याला काडीची माहिती नाही. म्हणून हा लेख.

आधी पिकपचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मामा गोळपला राहतात, रत्नागिरीहून पावसला जाताना लागतं ते. आंब्याची कलमं आहेत आणि एक जुनी डिझेल पिकप आहे, वीस-बावीस वर्षांची. हंगामात दिवसभर आंबा उतरवायचा, संध्याकाळी पेट्या भरायच्या आणि रात्री पिकपने रत्नागिरीत आणून वाशीच्या ट्रकवर चढवायच्या. ट्रक कुणासाठी थांबत नाही. पेटी एक दिवस उशिरा पोचली की भाव वेगळा, आणि आंबा तर पिकायचा थांबत नाही. अशा दिवसांत पिकपने रडायला सुरुवात केली. रात्रीच्या दोन फेऱ्या झाल्या की हेडलाइट पिवळे पडायचे. सकाळी चावी फिरवली की सेल्फ नुसता कट्ट करून गप्प. मग मामी, गडी आणि शेजारचे दोघं मिळून उतारावर धक्का.

मामांनी आधी बॅटरी नवीन टाकली. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग डायनॅमो उघडला (मामा अल्टरनेटरला अजून डायनॅमोच म्हणतात), कार्बन बदलले, बेअरिंग बदलले, रेग्युलेटर बदलला. पुन्हा तेच. गंमत म्हणजे गाडी सुरू झाली की डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा नीट विझायचा. त्यामुळे चार्जिंग होतंय यावर सगळ्यांचं एकमत होतं. शेजारच्या एका जाणत्या गृहस्थांनी तर चालू गाडीच्या बॅटरीची वायर काढून दाखवली. इंजिन बंद पडलं नाही, म्हणजे डायनॅमो ठणठणीत! आता, जुन्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर चालत राहायला विजेची फारशी गरजच नसते. त्यामुळे त्या प्रयोगाने काहीच सिद्ध झालं नाही. उलट चालू अल्टरनेटरवरून बॅटरी अशी एकदम सोडवली की व्होल्टेज उसळी मारतं आणि आतले डायोड किंवा रेग्युलेटर जाऊ शकतो. जुन्या डायनॅमोच्या काळातली ही युक्ती आहे. कृपा करून कुणी करू नका.

शेवटी भाचा इलेक्ट्रिकलला आहे हे मामांना आठवलं. शनिवारी संध्याकाळी मी मल्टिमीटर घेऊन गोळपला गेलो. बॅटरी अर्धीअधिक उतरलेलीच होती. धक्का मारून गाडी सुरू केली, बॅटरीवर मीटर लावला. १२.३ व्होल्ट. चार्जिंग नीट असेल तर चौदाच्या आसपास दिसायला हवेत. मी तिथल्या तिथे निकाल दिला की अल्टरनेटर गेला, नवीन घ्या. मामा काही बोलले नाहीत. चार दिवसांपूर्वीच त्यांनी त्याच अल्टरनेटरचं बिल भरलं होतं. मामी आत चहा करायला गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सोमवारी लायब्ररीत नेटवर्कची केटी सोडवायला बसलो होतो. (हो, आहे. एकच आहे.) तिथे एका जुन्या पुस्तकात वाचलं की ओहमने स्वतः मांडलेलं पहिलं बरोबर सूत्र व्ही इज इक्वल टू आय आर असं नव्हतंच. शिवाय त्याच्याही आधी त्याने एक चुकीचं सूत्र छापून मोकळं केलं होतं. माझ्यासारखं कुणी तरी भेटल्याचा आनंद झाला आणि नेटवर्क बाजूला राहिलं.

गेओर्ग सिमॉन ओहम याचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन या गावी झाला. वडील योहान वोल्फगांग कुलपं बनवणारे कारागीर, आई शिंप्याची मुलगी. घरात बरीच मुलं झाली, पण मोठी झाली ती तिघंच: गेओर्ग, धाकटा मार्टिन आणि एक बहीण. गेओर्ग दहा वर्षांचा असताना आई वारली.

या कुलूपवाल्या बापाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. तो शाळा-कॉलेज शिकलेला नव्हता, पण स्वतःच्या हिमतीवर गणित, पदार्थविज्ञान, रसायन, तत्त्वज्ञान वाचलेला माणूस होता. दिवसा लोखंड कानशीने घासायचं आणि मुलांना स्वतः शिकवायचं. गावच्या शाळेत जे शिकवत होते त्यापेक्षा घरचं शिक्षण वरचं होतं. एर्लांगेन विद्यापीठातले प्राध्यापक लांग्सडॉर्फ यांनी या मुलांची परीक्षा घेतली तेव्हा त्यांना बर्नुली घराण्याची आठवण झाली. म्हणजे कुलूपवाल्याच्या घरात बर्नुली! (तोच बर्नुली, फ्लुइडवाला. त्याच्या घराण्यात एकापेक्षा एक गणिती होऊन गेले.) धाकटा मार्टिन पुढे खरोखरच गणिताचा प्राध्यापक झाला.

१८०५ मध्ये सोळा वर्षांचा गेओर्ग विद्यापीठात दाखल झाला. आणि मित्रांनो, आता ऐका. घरून सुटल्याबरोबर या पठ्ठ्याने काय केलं असेल? नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड. अभ्यास सोडून सगळं. आपल्या होस्टेलचं कॅरम आणि त्याचं बिलियर्ड यात मला तरी काही फरक दिसत नाही. फरक बापात होता. आपल्याला मिळाली नाही ती संधी पोरगा उधळतोय हे बघून वडील भडकले आणि तीन सत्रांनंतर त्याचं विद्यापीठ सुटलं. १८०६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणित शिकवायला त्याची रवानगी झाली. वय सतरा.

लांग्सडॉर्फ हायडेलबर्गला गेले तेव्हा आपणही त्यांच्यामागे जाऊन शिकावं असं त्याला वाटलं. प्राध्यापकांनी उलट सल्ला दिला की घरी बसून स्वतः ऑयलर, लाप्लास, लक्रॉआ वाच. त्याने तेही केलं. शिकवण्या करत करत गणित वाचलं, १८११ मध्ये एर्लांगेनला परत आला आणि त्याच वर्षी डॉक्टरेट मिळवली. म्हणजे आपल्या भाषेत इयर ड्रॉप, मग एक्स्टर्नल, मग डायरेक्ट पीएचडी.

पण पदवीने पोट भरेना. विद्यापीठात तीन सत्रं शिकवलं, पगार इतका तुटपुंजा की पुढे काही दिसेना. १८१३ मध्ये बामबर्गच्या एका सुमार शाळेत मास्तरकी धरली. ती शाळाही १८१६ मध्ये बंद झाली. या रडकथेच्या दिवसांत त्याने भूमितीवर एक पुस्तक लिहिलं आणि ते प्रशियाच्या राजाकडे पाठवून दिलं. या पुस्तकाच्या बळावर १८१७ मध्ये कोलोनच्या जेझुइट शाळेत त्याला गणित आणि पदार्थविज्ञान शिकवायची नोकरी मिळाली. पुढे त्याने जे केलं ते विद्यापीठात बसून नव्हे, या शाळेत केलं. पोरांच्या वह्या तपासून उरलेल्या वेळात.

कोलोनच्या शाळेत प्रयोगशाळा चांगली होती. शिवाय लहानपणी वडिलांच्या हाताखाली धातूचं काम शिकलेलं असल्यामुळे लागेल ते उपकरण तो स्वतः बनवू शकत होता. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओरस्टेडने दाखवलं की तारेतून वीज वाहिली की जवळची चुंबकसुई हलते. सगळ्या युरोपात प्रयोगांची लाट आली. ओहम मास्तरांनी त्यातला एक साधा प्रश्न धरला: तार लांब केली तर प्रवाह किती कमी होतो?

आता तुम्ही म्हणाल, यात काय कठीण? लॅबमध्ये जा, अॅमीटर लावा. पण तेव्हा अॅमीटर नव्हता, व्होल्टमीटर नव्हता, व्होल्ट, अँपिअर ही नावं नव्हती. ओहम तर नव्हताच, तो स्वतः कोलोनला शिकवत होता! प्रवाह मोजायचा म्हणजे सुई किती वळली ते बघायचं. आणि वीज घ्यायची ती व्होल्टाच्या घटातून.

इथे तो फसला. १८२५ मध्ये त्याने या मोजणीवर पहिला निबंध छापला. त्यात लांबी आणि प्रवाहातली घट यांचं एक लॉगॅरिदमचं सूत्र होतं. सूत्र चुकीचं होतं. त्याचं गणित कच्चं नव्हतं; घट बेभरवशाचा होता. मंडल जोडलं की प्रवाह एकदम उसळायचा, मग हळूहळू उतरायचा. प्रत्येक तार लावताना घटाची अवस्था वेगळी. म्हणजे तार मोजतोय असं वाटत होतं, प्रत्यक्षात तार आणि घटाचा थकवा दोन्ही एकत्र मोजले जात होते.

हे वाचताना माझे कान गरम झाले. मी तरी दुसरं काय केलं होतं? उतरलेली बॅटरी लावून अल्टरनेटर मोजला होता. अशी बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते आणि व्होल्टेज खाली धरून ठेवते. त्या १२.३ मध्ये अल्टरनेटर किती, वायरिंग किती आणि बॅटरीची भूक किती, हे सांगायला मार्गच नव्हता. लायब्ररीतून बाहेर पडून मामांना फोन केला की नवीन अल्टरनेटर शनिवारपर्यंत घेऊ नका, आणि बॅटरी बाहेर काढून रात्रभर चार्जरवर पूर्ण भरून ठेवा. मामा बरं म्हणाले. त्या आठवड्यात त्यांनी शेजाऱ्यांच्या गाडीने पेट्या नेल्या, भाडं देऊन.

ओहमला असा रस्ता पोगेनडॉर्फने दाखवला. तो ज्या मासिकात निबंध छापून येत त्याचा संपादक. त्याने सुचवलं की घट सोडा आणि थर्मोकपल वापरा. सीबेकने १८२१ मध्ये शोधलं होतं की दोन वेगळे धातू जोडून एक जोड गरम आणि एक थंड ठेवला की वीज वाहते. ही वीज अगदी थोडी, पण तापमान हललं नाही तर तीही हलत नाही. ओहमने बिस्मथ आणि तांब्याची जोडी घेतली. एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. उकळतं पाणी आणि बर्फ ही जगातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात स्थिर दोन तापमानं! बाहेर आलेली टोकं पाऱ्याच्या वाट्यांत बुडवली. मोजायची तार त्याच वाट्यांत टेकवली की मंडल पूर्ण, स्क्रूची भानगड नाही. वर चपट्या सोन्याच्या तारेला टांगलेली चुंबकसुई. प्रवाहाने सुई वळली की वरची तार उलट पिळून सुई जागेवर आणायची आणि किती पीळ दिला ते वाचायचं.

एकाच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा त्याने घेतल्या: २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. जानेवारी १८२६ मधल्या एका मालिकेत दोन इंची तारेला ३२६.७५ इतका पीळ लागला, चार इंचीला ३००.७५, आणि १३० इंचीला ४८.५.

या आकड्यांकडे जरा थांबून बघा. दोन इंचाची चार इंच झाली, लांबी दुप्पट. आपल्या नियमाप्रमाणे प्रवाह निम्मा व्हायला हवा. पण ३२६ चा झाला ३००. आपल्यातला कुणी असता तर शेजारच्या बॅचचं रीडिंग घेतलं असतं! ओहमने आकडे आहेत तसे ठेवले आणि त्यांत बसेल असं सूत्र शोधलं. प्रवाह बरोबर अ भागिले (ब अधिक तारेची लांबी). यातला अ म्हणजे वीज ढकलणारी शक्ती, थर्मोकपलच्या तापमानावर अवलंबून. आणि ब? ब म्हणजे मंडलाचा बाकीचा सगळा भाग. बिस्मथची पट्टी, तांब्याच्या पट्ट्या, सगळे जोड. मोजायच्या तारेशिवाय वाटेत जे जे आहे त्याचा अडथळा. तो त्याला सव्वावीस इंच तारेइतका सापडला. म्हणजे दोन इंची तार लावली तेव्हा खरं मंडल सव्वाबावीस इंचांचं होतं, चार इंची लावली तेव्हा सव्वाचोवीस. पडताळा करून बघा, आकडे जुळतात.

आपल्या पुस्तकात हा ब कुठे गेला? लॅबच्या जाड वायरी, घट्ट टर्मिनल, चांगला सप्लाय, यामुळे ब जवळजवळ शून्य धरतात आणि उरतं ते व्ही इज इक्वल टू आय आर. पण ओहमसाठी ब हा कंटाळवाणा उपचार नव्हता. अर्धं मंडल तर त्यातच होतं.

शनिवारी पुन्हा गोळप. बॅटरी भरलेली, गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट. गाडी सुरू केली, काहीही न लावता बॅटरीवर १३.६. वाईट नाही. गॅरेजमध्येही असंच मोजलं असणार आणि ठीक आहे म्हटलं असणार. मग हेडलाइट, वायपर, पंखा सगळं चालू केलं. बॅटरीवर १२.६! म्हणजे रात्री चार्जिंग शून्य. आता मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या मागच्या बोल्टला आणि दुसरं अल्टरनेटरच्याच बॉडीला लावलं. १४.२. अल्टरनेटर अगदी निर्दोष! मामांनी भरलेलं बिल फुकट गेलं की कसं, हा प्रश्न मी टाळला.

वाटेत कुठेतरी १.६ व्होल्ट गळत होते. मामांचा कोकणी तर्क होता की पाट चांगला आहे, माडाला पाणी पोचत नाही, तर मधे कुठेतरी बांध फुटलाय. अगदी बरोबर. बोल्टपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत मीटर लावला: ०.२. ठीक. अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत लावला: १.४. बॉडीपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत: १.३. सापडला! अल्टरनेटर ज्या ब्रॅकेटवर बसवलेला असतो तिथूनच त्याची अर्थ इंजिनला जाते. आणि त्या ब्रॅकेटवर, बोल्टाच्या खाली, चकचकीत काळा ऑइलपेंट होता.

भाट्याच्या खाडीवरून येणारी खारी हवा, पावसाळा, गंज. म्हणून मामांनी भाद्रपदात घरच्या घरी ब्रॅकेट काढून, घासून, दोन हात रंग दिला होता. गाडी टिकावी म्हणून.

बल्बांचे वॅट बघून करंट साधारण १८ अँपिअर धरला. १.४ भागिले १८, म्हणजे सुमारे ०.०८ ओहम. एवढासा ब! गंमत अशी की मल्टिमीटर ओहमवर ठेवून हा दोष दिसतच नाही, कारण माझ्या मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.३ दाखवतो. करंट वाहत असताना व्होल्ट मोजले तरच तो दिसतो. त्या जोडात २५ वॅट नुसते तापत होते, पण गरम इंजिनाशेजारी एक बोल्ट जास्त गरम आहे हे कुणाच्या लक्षात येणार? रेग्युलेटर स्वतःच्या बॉडीपासून मोजतो, त्यामुळे त्याला १४.२ दिसत होते आणि तो समाधानी होता. लाल दिव्याचं तेच, तो विझला कारण त्याच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखंच व्होल्टेज होतं. सेल्फचा करंट त्या ब्रॅकेटमधून जात नाही, म्हणून भरल्या बॅटरीवर गाडी झटक्यात सुरू व्हायची. प्रत्येकजण आपापल्या जागी खरं बोलत होता.

रंग पॉलिश पेपरने पांढऱ्या धातूपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकला, शिवाय अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसला एक जाड वायर थेट ओढली आणि जोडांवर पेट्रोलियम जेली लावली. सगळे दिवे लावून बॅटरीवर १३.९. अंधार पडल्यावर मामांनी हेडलाइट समोरच्या फणसावर टाकले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

माझी गोष्ट इथे संपली, ओहमची नाही. त्याला एवढं सोपं गेलं नाही.

१८२६ मध्येच त्याने अर्ध्या पगारावर वर्षभराची रजा घेतली आणि मार्टिन होता त्या बर्लिनला गेला. १८२७ मध्ये विद्युतमंडलाचं गणित मांडणारं त्याचं पुस्तक आलं. यानंतर विद्यापीठात जागा मिळेल अशी त्याची अपेक्षा होती. पुस्तकाचं स्वागत थंड झालं. त्या काळच्या जर्मनीत हेगेलच्या तत्त्वज्ञानाचा दबदबा होता. निसर्ग समग्र समजून घ्यायचा असतो, त्याचे असे तारेच्या इंचांत तुकडे करायचे नसतात, अशी हवा होती. आणि जे पदार्थविज्ञानवाले होते त्यांना इतकं गणित झेपत नव्हतं. पोल नावाच्या टीकाकाराने तर पुस्तक धुऊन काढलं. ओहम कोलोनला परत गेला नाही, १८२८ मध्ये राजीनामा दिला. पुढची पाच वर्षं बर्लिनमध्ये सैनिकी शाळेत वगैरे गणिताचे तास घेऊन काढली. जगाला ज्याचं नाव द्यायचं होतं तो माणूस क्लॉक अवर बेसिसवर! लग्न केलं नाही. करणार तरी कशाच्या भरवशावर?

मात्र हळूहळू लोक त्याच्या सूत्राने मोजू लागले आणि जुळतंय म्हणू लागले. लाइपझिगमध्ये फेख्नरने, रशियात लेंझने (होय, लेंझच्या नियमाचा लेंझ). १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला प्राध्यापकी मिळाली. विद्यापीठ नव्हतं, पण पक्की नोकरी होती. आज त्या संस्थेला ओहमचंच नाव आहे, हे आपल्या डिप्लोमावाल्या मित्रांनी लक्षात ठेवावं. मोठा मान मिळाला तो देशात नव्हे, लंडनमध्ये. १८४१ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला कॉपले पदक दिलं. पुस्तकानंतर चौदा वर्षांनी. मधल्या काळात इंग्लंडमध्ये टेलिग्राफच्या तारा ओढायला सुरुवात झाली होती, आणि मैलोनमैल तार टाकायची तर तार लांब झाल्यावर प्रवाह किती उरतो हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा राहत नाही. व्हीटस्टोनसारख्या टेलिग्राफवाल्यांना ओहमची खरी किंमत कळली.

(असाच नियम इंग्लंडच्या कॅव्हेंडिशला ओहमच्या जन्माआधीच सापडला होता, स्वतःच्या अंगाला शॉक देऊन! पण त्याने कुणाला सांगितलंच नाही. त्याच्या वह्या मॅक्सवेलने १८७९ मध्ये छापल्या. असो.)

१८४९ मध्ये ओहम म्युनिकला आला आणि १८५२ मध्ये तिथल्या विद्यापीठात प्रायोगिक पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक झाला. तरुणपणी मागितलेली जागा त्रेसष्टाव्या वर्षी मिळाली. ती त्याला दोनच वर्षं लाभली. ६ जुलै १८५४ रोजी तो वारला. १८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेत व्होल्ट, अँपिअर आणि ओहम ही एककं जगाने मान्य केली. कुलूपवाल्याचं आडनाव तेव्हापासून प्रत्येक मीटरवर आहे.

मामांची पिकप त्यानंतर पूर्ण हंगामभर धावली. मेमध्ये आंब्याची एक पेटी होस्टेलवर आली, ती विंगमध्ये किती मिनिटं टिकली ते विचारू नका. मल्टिमीटर मात्र मामांनी ठेवून घेतलाय. आता ते आजूबाजूच्या गाड्यांचे व्होल्ट मोजत फिरतात, आधी बॅटरी भरून आणा अशी अट घालून. सबमिशनच्या आत तो परत आणायला हवा.